शिकलेली जीभ, शिकलेले हात

शास्त्रपाठ : यशया ५०:४-७; निर्गम ३५:३०-३५; लूक १०:२५-३७



यशया संदेष्ट्याच्या पन्नासाव्या अध्यायात परमेश्वराचा सेवक आपल्याविषयी एक साक्ष देतो. त्या साक्षीचा आशय असा की, देवाने त्याला शिकलेल्या माणसाची जीभ दिली आहे, आणि ती दिली आहे ती शिणलेल्याला शब्दाने आधार कसा द्यावा हे त्याला कळावे म्हणून.

भाषांतराच्या कामात ह्या वचनापाशी मी पुष्कळदा अडलो आहे. मूळ इब्री शब्द ‘लिम्मूदीम’ असा आहे. ‘ज्यांस शिकवले गेले आहे ते’ असा त्याचा अर्थ. ह्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात तो शिष्यांसाठी येतो आणि चौपन्नाव्या अध्यायात परमेश्वरापाशी शिकलेल्या लेकरांसाठी येतो. तेव्हा ह्या सेवकाची जीभ ही वक्त्याची जीभ नव्हे, विद्यार्थ्याची आहे. दुसरा शब्द ह्याहून अवघड आहे. ‘आधार देणे’ असे ज्याचे आपण भाषांतर करतो ते इब्री क्रियापद सबंध जुन्या करारात ह्या एकाच ठिकाणी आढळते. म्हणून कोणी त्याचा अर्थ ‘समयोचित बोलणे’ असा करतो, कोणी ‘धीर देणे’ असा, तर कोणी ‘सावरणे’ असा. माझ्या टिपणवहीत त्या शब्दापुढे अनेक वर्षे प्रश्नचिन्ह होते. पुढे त्याचा अर्थ मला थोडासा कळला तो कोलकात्यातील बालीगंज भागात, एका आजाऱ्याच्या खोलीत. ती हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे. तीत माझी चूक आहे, आणि ती चूक माझ्या एकट्याची नसावी असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या तपासणीसाठी मी कोलकात्यास गेलो होतो. मराठी ख्रिस्ती माणसाला त्या प्रदेशाचे ऋण विसरता येत नाही. आपला मराठी नवा करार प्रथम छापून निघाला तो १८११ मध्ये, हुगळीच्या काठी, श्रीरामपूर येथे. विल्यम कॅरी हा मूळचा जोडे शिवणारा मनुष्य. मराठी भाषा तो शिकला ती वैजनाथ पंडितांपाशी विद्यार्थी होऊन बसला म्हणून. शुभवर्तमान सांगण्याची तळमळ त्याच्या ठायी होतीच. परंतु ती तळमळ आपल्या भाषेत उतरण्याआधी त्याला शिकावे लागले.

माझा मुक्काम बालीगंजमध्ये होता. जवळच्याच गल्लीत एक वृद्ध मराठी ख्रिस्ती गृहस्थ राहत होते. ते मूळचे नगरकडचे; रेल्वेच्या नोकरीमुळे बंगालात आले आणि तेथेच राहिले. त्यांना जिभेचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, परंतु रोग पुन्हा उलटला होता. त्यांच्या पत्नीने निरोप पाठविला, “गावाकडचं कोणी आलंय असं कळलं. भाऊ, ह्यांना मराठीतून प्रार्थना ऐकायची फार इच्छा आहे. जरा येऊन जा.”

मी गेलो. खोली लहान व स्वच्छ होती. परंतु जखमेचा दर्प लपत नव्हता. काकांच्या नाकात अन्नाची नळी होती. बोलता येत नसल्यामुळे त्यांच्या उशाशी शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी व लेखणी ठेवली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि बोलू लागलो. ईयोबाची गोष्ट सांगितली. जन्मांधाची सांगितली. विश्वास दृढ ठेवा म्हणालो. मग डोळे मिटून प्रार्थना केली, आणि ती बरीच लांबली. ईश्वरविज्ञानाच्या पदव्युत्तर परीक्षेत दुःखाच्या प्रश्नावर मी विस्तृत उत्तर लिहिले होते व त्याला चांगले गुणही मिळाले होते. ते सर्व उत्तर त्या दिवशी मी प्रार्थनेच्या रूपाने पुन्हा लिहून काढले, असेच म्हटले पाहिजे.

‘आमेन’ म्हणून डोळे उघडले, तेव्हा काकूंनी पाटी घाईने पदराआड घेतलेली मला दिसली. मी प्रार्थना करीत असताना काकांनी ती वर धरली होती. तीवर एकच शब्द होता : “दुखतंय.”

इतक्यात एक बंगाली परिचारिका आली. वय पंचविशीच्या आसपास. घरोघरी जाऊन असाध्य रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका पथकात ती काम करीत होती. तिने खुर्ची घेतली नाही. एक बुटके स्टूल ओढून ती अशी बसली की तिचे डोळे काकांच्या डोळ्यांच्या पातळीवर आले. मग तिने विचारले, “काकाबाबू, आज किती?” काकांनी दोन्ही हात वर केले आणि आठ बोटे दाखविली. दहापैकी आठ. वेदना मोजण्याची ती रीत होती. मी त्या खोलीत अर्धा तास बसलो होतो, आणि आपणांस दुखते का, हा प्रश्न काही माझ्या तोंडून निघाला नव्हता.

तिने औषधाची बाटली उजेडात धरून पाहिली. ती असावयास पाहिजे त्याहून भरलेली होती. काकू ओशाळल्या. मॉर्फिनची सवय लागेल ह्या भीतीने त्या औषध टाळीत होत्या. फारच असह्य झाले तरच देत होत्या. मुलीने त्यांना दोष दिला नाही. तिने शांतपणे समजाविले की, ह्या दुखण्यात योग्य मात्रेत घड्याळाच्या काट्यावर दिलेल्या औषधाने माणूस व्यसनी होत नाही. वेदना उसळण्याची वाट पाहिली तर तीच वेदना आवरण्यास पुढे अधिक औषध लागते. ह्या औषधाने बद्धकोष्ठ होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषधही सोबत द्यावयाचे. मग तिने नळीतून मात्रा दिली, जखम धुतली, दर्प कमी करणारी पूड जखमेवर पसरली, मान कशी टेकवावी ते काकूंकडून दोनदा करवून घेतले. मला म्हणाली, “आपण जरा टॉर्च धरता का?” त्या खोलीतले माझे पहिले उपयोगी काम ते.

पाऊण तासाने काकांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. त्यांनी पाटी मागितली, हातानेच पुसली, आणि लिहिले : “आता वाचा.”

मी तेविसावे स्तोत्र वाचले. दुसरे काही बोललो नाही.

जिना उतरताना मी तिला विचारले, “सिस्टर, हे सारे आपण कोठे शिकलात?” ती म्हणाली, “नर्सिंगच्या शाळेत सुई द्यायला शिकले. विचारायला मात्र नंतरच्या प्रशिक्षणात शिकले. पहिल्या दिवशी आम्हांला एकच धडा होता : रुग्णापेक्षा उंच बसायचं नाही.”

प्रिय वाचकहो, त्या रात्री मी यशयाचे वचन पुन्हा उघडले. आपण जिभेपाशी थांबतो, पण वचन पुढे चालू राहते. सेवक सांगतो की, देव रोज सकाळी त्याला जागे करतो आणि त्याचा कान उघडतो, ह्यासाठी की त्याने शिष्याप्रमाणे ऐकावे. जीभ शिकते ती कानाकडून. माझी जीभ विद्वान होती, पण कान निरक्षर होता. ईयोबाच्या मित्रांचेही असेच झाले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर त्यांनी मित्राचे कर्तव्य केले. बोलू लागले आणि त्याच्या दुःखात भर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बालीगंज फाँडीपासून हाजरा रोडने पश्चिमेकडे चालत निघालो. आपल्या महाराष्ट्र मंडळाचे ‘महाराष्ट्र निवास’ ह्याच रस्त्यावर आहे. पुढे हाजऱ्याच्या चौकाजवळ चित्तरंजन कर्करोग रुग्णालय लागते. त्याचा इतिहास माझ्या मनात घोळत असलेल्या प्रश्नाशी जुळणारा आहे.

१९२५ मध्ये देशबंधू चित्तरंजन दास निवर्तले. आपले राहते घर त्यांनी लोकसेवेसाठी देऊन ठेवले होते. त्यांच्या स्मरणार्थ गांधीजींनी दहा लाख रुपयांचा निधी मागितला आणि त्याचे दोन हेतू सांगितले : जात व धर्म न पाहता स्त्रियांसाठी रुग्णालय, आणि परिचारिकांस शिक्षण देण्याची सोय. रुग्णालयाच्या जोडीस शिक्षणाचा हेतू आरंभीच ठेवला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९२६ मध्ये चित्तरंजन सेवासदन सुरू झाले. त्यातूनच पुढे डॉ. सुबोध मित्र ह्यांच्या प्रयत्नाने कर्करोग रुग्णालय उभे राहिले. त्याचे उद्घाटन २ जानेवारी १९५० रोजी झाले ते नोबेल पारितोषिकाच्या मानकरी शास्त्रज्ञ इरेन जोलिओ-क्यूरी ह्यांच्या हस्ते. १९८७ मध्ये रुग्णालय आणि त्याच्या जोडीचे संशोधन केंद्र मिळून एक राष्ट्रीय संस्था झाली, आणि २०२२ मध्ये राजारहाट येथे तिचे दुसरे, मोठे आवार उघडले.

ह्या इरेनबाईंची एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. पहिल्या महायुद्धात त्या विशीच्याही आत होत्या. त्यांची आई मादाम मेरी क्यूरी क्ष-किरणांची यंत्रे गाड्यांत घालून रणभूमीवर नेत असे. जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या त्या यंत्रांमुळे दिसू लागल्या. परंतु यंत्र चालविणारी माणसे नव्हती. तेव्हा मायलेकींनी पॅरिसमध्ये वर्ग काढले आणि सुमारे १५० स्त्रियांना ते काम शिकविले. नुसते यंत्र कोणालाही वाचवू शकत नाही. ते हाताळणारा हात तयार करावा लागतो, हा धडा त्या मुलीने तेव्हाच घेतला होता. पुढे १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने इरेन ह्यांचा मृत्यू झाला.

त्याच वाटेने आणखी पुढे गेले की कालीघाट येते. तेथे १९५२ मध्ये मदर तेरेसांनी मरणासन्न निराधारांसाठी ‘निर्मल हृदय’ उघडले. त्यांच्या जीवनातील एक लहानसे प्रकरण आपण सहसा सांगत नाही. १९४८ मध्ये आपला मठ सोडून झोपडपट्टीत उतरण्यापूर्वी त्या काही महिने पाटण्याला गेल्या आणि तेथील मिशनरी भगिनींच्या रुग्णालयात परिचर्या शिकल्या. आपल्याला पाचारण झाले आहे अशी त्यांची खात्री होती, तरीही त्या आधी शिकावयास गेल्या. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९९४ मध्ये एका विख्यात वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकाने ‘निर्मल हृदय’ पाहून लिहिले की, येथे प्रेमाने शुश्रूषा होते, पण तीव्र वेदनेवरील प्रभावी औषधे नाहीत. काहींना ती टीका लागली. मला मात्र बालीगंजच्या त्या पाटीची आठवण होते. प्रेम कितीही खरे असो, त्याला वेदनेचे शास्त्र माहीत नसेल तर पाटीवरचा शब्द पुसला जात नाही.

हा प्रश्न एका घराचा किंवा एका शहराचा नाही. २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे दोन कोटी लोकांस नव्याने कर्करोग झाल्याचा व सुमारे सत्त्याण्णव लाख लोक त्याने मृत्यू पावल्याचा जागतिक अंदाज आहे. भारतात त्याच वर्षी सुमारे चौदा लाख नवे रुग्ण आणि नऊ लाख मृत्यू. इतक्या रुग्णांपाशी मोठमोठे तज्ज्ञ कोठून पोहोचणार? परंतु जेथे जेथे सामान्य माणसांस नीट शिकविले गेले, तेथे काय घडले त्याची साक्ष आपल्याच घरी आहे.

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातून आलेले शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्यांचे नाव आहे. ह्याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. वस्तीतीलच, निदान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. त्यांना शिकविले ते असे : गर्भाशयाच्या मुखावर सौम्य आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील व्हिनेगरसारखेच द्रव, लावावयाचे; एक मिनिट थांबावयाचे; कोठे पांढरा डाग उठतो का ते पाहावयाचे; आणि डाग दिसल्यास त्या बाईला डॉक्टरांकडे पाठवावयाचे. सुमारे दीड लाख स्त्रियांचा हा अभ्यास होता. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची अशी तपासणी झाली. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला : तपासणी झालेल्या वस्त्यांत ह्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. ह्याच कार्यकर्त्या स्त्रियांनी हातांनी स्तनांची तपासणी करण्यासही शिकून घेतले. वीस वर्षांच्या पाहणीनंतर २०२१ मध्ये दिसून आले की, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

दहावी शिकलेली बाई, चार आठवडे शिक्षण, आणि वाचलेले प्राण! अशा भगिनी आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. रविवारी त्या आपल्या शेजारी बसतात. त्यांना शिकण्यास पाठवावे असे आपल्या मनात कधी आले आहे का?

ज्यांचा रोग बरा होणार नाही त्यांच्यासाठी मुंबईतच बांद्रा येथे १९८६ मध्ये कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा ह्यांनी ‘शांती आवेदना’ हे भारतातील पहिले सेवासदन उघडले. त्याच्या मागे लंडनचे एक उदाहरण होते. सिसिली सॉन्डर्स ही ख्रिस्तभक्त स्त्री आधी परिचारिका होती, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले तेव्हा रुग्णालयातील समाजसेविका झाली. मरणाऱ्यांच्या वेदनेविषयी बोलू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आले की, डॉक्टर झाल्याशिवाय हे कोणी ऐकणार नाही. तेहतिसाव्या वर्षी ती वैद्यकाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसली आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. मग रोग्यांच्या उशाशी बसून तिने त्यांच्याकडूनच वेदनेचे शास्त्र शिकून घेतले. शरीर, मन, नातीगोती व आत्मा ह्या चारही ठिकाणी माणूस दुखतो, हे तिने वैद्यकास शिकविले. १९६७ मध्ये तिने सेंट ख्रिस्तोफर सेवासदन उघडले ते शुश्रूषा, संशोधन आणि अध्यापन ह्या तिन्ही हेतूंनी. केरळात १९९३ पासून कालिकत येथे हेच ज्ञान शेजारपाजारच्या स्वयंसेवकांपर्यंत नेण्यात आले. आफ्रिकेत युगांडा देशात, पूर्वी धर्मभगिनी म्हणून सेवा केलेल्या डॉ. अ‍ॅन मेरिमन ह्यांनी त्याच वर्षी असे काम सुरू केले. तेथे डॉक्टर थोडे. म्हणून २००४ मध्ये त्या देशाने खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांस मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. असे करणारा तो जगातील पहिला देश होय.

आपल्या देशात अफूची कायदेशीर लागवड होते, मॉर्फिन तीपासूनच होते, आणि तरीही आपलेच रोगी वेदनेने तळमळत राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की पुष्कळ रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडले. वापरणे थांबले तेव्हा शिकविणेही थांबले, आणि डॉक्टरांच्या पिढ्या त्या औषधाची भीती तेवढी शिकून बाहेर पडल्या. काकूंच्या मनातील भीती काही त्यांची एकटीची नव्हती. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये वेदनाशमन-वैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मार्ग उघडला आहे. आता त्यावरून चालणारी माणसे हवीत.

कोणी म्हणेल, हे सर्व वैद्यकाचे झाले. मंडळीचा ह्यात काय संबंध? आपण शास्त्राकडे वळू या. देवाच्या आत्म्याने भरला असे पवित्र शास्त्र ज्याच्याविषयी प्रथम म्हणते तो याजक नव्हता, संदेष्टा नव्हता. तो बसालेल नावाचा कारागीर होता. आत्म्याने त्याच्या बोटांत धातूचे, लाकडाचे व कोरीव कामाचे कौशल्य घातले. आणि निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात एक जास्त गोष्ट आहे, जी वाचताना आपण घाईने पुढे जातो : त्याला व त्याचा सोबती अहलियाब ह्याला देवाने दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही दिली. कौशल्य हे पवित्र आत्म्याचे दान आहे, आणि ते दुसऱ्याच्या हातात उतरविणे हेही त्याचेच दान आहे. मग परिचारिकेला जखम धुण्यास शिकविणारी शिक्षिका जेव्हा वर्गात उभी राहते, तेव्हा ती बसालेलाच्याच परंपरेत उभी आहे, असे का म्हणू नये?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण पाठ केला आहे. त्याला कळवळा आला ह्यावर आपण प्रवचने करतो. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांशी संबंधित आहे. आपण मराठीत आतडे तुटणे म्हणतो तेच ते. परंतु लूकाने, जो स्वतः वैद्य होता, तेथे लेखणी थांबविली नाही. जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले, पुढच्या खर्चाची तजवीज केली. त्या काळी जखम धुण्यास द्राक्षारस व तिची आग शमविण्यास तेल वापरीत. त्या मनुष्याला ते ठाऊक होते आणि ते त्याच्या सामानात होते. त्याचे आतडे हलले आणि त्याच्या हातांना काय करावे हे माहीत होते. याजक व लेवी ह्यांना आपण दोष देतो. पण मी स्वतःला विचारतो : मी तर थांबलो होतो, खुर्ची ओढून जवळही बसलो होतो; तरी त्या जखमी मनुष्याला माझ्याकडून तेल मिळाले का?

ह्या बाबतीत आपल्या मराठी मंडळीपाशी मोठा वारसा आहे. मिरजेचे वानलेस रुग्णालय, नगरचे बूथ रुग्णालय, अशा संस्थांतून आपल्या कितीतरी आया, मावश्या व बहिणी परिचर्या शिकल्या. ज्या काळी ह्या कामाला समाजात मान नव्हता, त्या काळी त्यांनी ते प्रभूचे काम म्हणून पत्करले. आज आपण त्यांच्या निवृत्तीचा सत्कार करतो. पण त्यांचे ज्ञान कोणाच्या हाती गेले हे विचारीत नाही.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, तीन गोष्टी मी आपल्यापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या मंडळीतील दोन-तीन जणांस असाध्य रुग्णांच्या गृहशुश्रूषेचे प्रशिक्षण घेण्यास पाठवा आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च मंडळीच्या दानातून करा. सुवार्तिकास पाठविताना आपण हात ठेवून प्रार्थना करतो; ह्यांच्यावरही हात ठेवा. दुसरी, नर्सिंग शिकणारी एखादी गरीब मुलगी पाहा आणि कर्करोगाच्या परिचर्येचे पुढील शिक्षण घेण्यास तिला साहाय्य करा. आपल्या भागात तंबाखू व मशेरीने तोंडाचा कर्करोग किती घरांत शिरला आहे हे आपण जाणता. तोंड उघडून नीट पाहणारे शिकलेले डोळे गावोगावी हवे आहेत. तिसरी गोष्ट आम्हां पाळकांसाठी व उपदेशकांसाठी आहे : आजाऱ्याकडे गेल्यावर प्रार्थनेपूर्वी त्याला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आमच्या ईश्वरविज्ञान विद्यालयांतून ग्रीक व इब्रीच्या जोडीला हेही शिकविले जावे.

शेवटी आपल्या वचनाकडे परत येऊ. यशयाचा सेवक पुढे सांगतो की, कान उघडला गेल्यावर त्याने पाठ फिरविली नाही. मारणाऱ्यांपुढे पाठ केली, अपमानापासून तोंड लपविले नाही. मंडळीने ह्या सेवकात आपल्या प्रभूला ओळखले आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा सांगतो की, तो पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञाधारकपणा शिकला. ज्याला शिकण्याचे काही कारण नव्हते तो आपल्यासाठी शिकावयास बसला. तो आपल्या वेदनेपेक्षा उंच बसला नाही. मग त्याच्या शिष्यांनी ‘आम्हांस प्रेम आहे, तेवढे पुरे’ असे कसे म्हणावे?

बालीगंजचे ते काका माझ्या भेटीनंतर काही आठवड्यांनी प्रभूमध्ये निजले. काकूंचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते की, शेवटी शेवटी त्या स्वतःच घड्याळ पाहून औषध देत, जखम धूत, आणि रोज सकाळी विचारीत, “आज किती?” शेवटच्या सकाळी काकांनी दोन बोटे दाखविली होती. पत्राच्या अखेरीस एक ओळ होती : शेजारच्या घरात एका बाईला हाच रोग झाला आहे, आणि मी तिला मान टेकवायला शिकवते आहे.

माझ्या टिपणवहीतले ते प्रश्नचिन्ह मी अद्याप पूर्ण खोडलेले नाही. पण त्या अवघड इब्री शब्दापुढे आता मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘सावरणे, आधी विचारून.’

प्रार्थना : हे प्रभू, आमचे कान उघड. आमच्या कळवळ्याला शिकलेले हात दे, आणि जे शिकतात व शिकवितात त्यांच्या श्रमांवर तुझा आशीर्वाद असो. आज रात्री वेदनेने ज्यांस झोप नाही, त्यांच्या उशाशी तू आम्हांला विद्यार्थी म्हणून बसव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.